निदान

मराठीत ‘निदान’ हा शब्द दोन कामे करतो. वैद्याच्या तोंडी तो रोगाची ओळख सांगतो, आणि आपल्यासारख्यांच्या तोंडी ‘कमीत कमी’ एवढाच अर्थ घेऊन येतो. निदान पत्र तरी पाठव, निदान दोन घास तरी खा. या दोन अर्थांचे एकमेकांशी काही नाते असेल, असे चाळिशी उलटेपर्यंत मला वाटले नव्हते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि शाळेत चित्रकला शिकवतो. म्हणजे माणसे ओळखणे आणि रंग ओळखणे हे दोन धंदे माझ्या नावावर आहेत. पुढची हकिकत वाचून या दोन्हींविषयी वाचकांचे मत काय व्हायचे ते होवो.

चौथीत एक मुलगा होता. त्याला आपण बाळू म्हणू. गणपती नुकतेच बोळवले होते आणि मी मिरवणुकीचे चित्र काढायला दिले होते. बाळूने ढोलाचा एक गोल काढला आणि बाकावर डोके टेकले. पुढच्या तासालाही तेच. मी म्हणालो, “बाळासाहेब, उशी मागवू का?” वर्ग हसला. वर्ग हसला की आपण खरे बोललो असे मास्तरला वाटते; आमच्या धंद्यातला हा जुना रोग आहे. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या वहीत लाल शाईने ‘आळशी आहे’ असा शेरा मारला. त्याचा चेहरा पांढुरका पडला होता आणि डोळ्यांखाली सूज होती. हे मला दिसले नाही असे म्हणण्याची सोय नाही. दिसले होते. मोबाईलवर रात्री जागला असेल, असे मी मनाशी ठरवून टाकले.

दोन दिवसांनी त्याला उलट्या सुरू झाल्या, लघवी कमी होऊ लागली आणि तिचा रंग चहासारखा काळपट झाला. गावातल्या डॉक्टरांना कावीळ वाटली. त्यांना मी दोष देत नाही. असला रोगी त्यांच्या दारात जन्मात एखादा येणार. पुण्याच्या एका इस्पितळात मात्र रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि त्यात तुटक्या तांबड्या पेशी दिसल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी, मी चित्रकलेचा मास्तर आहे हे कळल्यावर, कागदावर तशी एक पेशी काढून दाखवली. शिपायाच्या शिरस्त्राणासारखी, एका बाजूने कापलेली. मूत्रपिंडातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरतात, त्यांतून वाट काढताना पेशी अशा फाटतात. म्हणून रक्त कमी, आणि म्हणूनच मूत्रपिंड बंद. झ्यूरिचच्या गासर नावाच्या बालवैद्याने 1955 साली या दुखण्याला ‘हिमोलिटिक-युरेमिक सिंड्रोम’ असे नाव दिले. पुढे 1983 मध्ये कॅनडात त्याचे एक कारण सापडले: जुलाब करणाऱ्या एका जंतूचे विष. पण बाळूला जुलाब झालेच नव्हते. त्याचा प्रकार निराळा. शरीरात परक्या जंतूंवर तुटून पडणारी पहाऱ्याची एक फौज असते. ती आपल्याच घरावर उलटू नये म्हणून तिला आवर घालणारे ‘फॅक्टर एच’ नावाचे प्रथिन असते. बाळूच्या शरीराने त्या आवरणाऱ्यालाच शत्रू ठरवले होते. हा प्रकार आपल्या देशातल्या मुलांत बराच आढळतो. जुलाबांवाचून असा रोग झालेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांत तो असतो म्हणतात.

एक गोष्ट मी मुद्दाम विचारली. रक्त गोठवणाऱ्या चकत्या, ज्यांना प्लेटलेट म्हणतात, त्याही त्याच्या रक्तात फार कमी होत्या. मग त्या बाहेरून का भरत नाहीत? बाई म्हणाल्या, “त्या तयार होत नाहीत असं नाही, गुठळ्यांत खर्च होताहेत. मोठा रक्तस्राव नसेल तर शक्यतो भरत नाही.” मी गप्प झालो. वर्गात मुलाचे लक्ष कमी पडले की ते दटावून भरायचे, एवढाच उपचार मला येत होता. ते दुसरीकडे खर्च होत असेल, हे कधी मनात आले नाही.

आणखी एका गोष्टीचे मला नवल वाटले. सगळे अहवाल यायला दिवस लागणार होते, पण बाईंनी वाट पाहिली नाही. डायलिसिस लावले आणि प्लाझ्मा बदलायला सुरुवात केली. बाळूचे वजन चोवीस किलो. एका खेपेला सुमारे दीड लिटर. तेवढ्याला सहा-सात रक्तदात्यांचे दान लागते, आणि अशा खेपा कितीतरी झाल्या. म्हणजे त्यांनाही ठरवण्याची घाई होतीच, माझ्याहून जास्त होती. फरक एवढाच, की कागदावर त्यांनी रोगाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढले होते आणि रोज सकाळी नवे रक्त काढून त्या स्वतःलाच तपासत होत्या. मी शेरा मारला तो पक्क्या शाईने. माझ्या शाईला अहवाल कुठला यायचा?

बाळूच्या आईपुढे हे मी बोलून दाखवले. ती म्हणाली, “गुरुजी, तुम्हाला काय ठाऊक असणार? मीसुद्धा नाटकं करतोस म्हणून पाठीत धपाटा घातला की.” तिने मला मोकळे केले, पण मी मोकळा झालो नाही. ठाऊक नसणे हा गुन्हा नव्हे, हे मला पटते. रोगाचे नाव मला कळावे अशी अपेक्षा कोणीच केली नसती. पण “बाळू, काय होतंय रे?” एवढे निदान विचारायला कोणती पदवी लागत होती?

बाळूची मूत्रपिंडे पुन्हा चालू लागली. गोळ्या अजून चालू आहेत, ठराविक दिवसांनी रक्त तपासावे लागते, दुखणे उलटण्याची धास्ती घरच्यांच्या मनात आहे. उन्हाळ्यानंतर तो शाळेत आला. मागच्या महिन्यात किल्ल्याचे चित्र काढायला दिले, तर तट अर्धवट टाकून तो बाकावर डोके ठेवून पडला. माझ्या छातीत धस्स झाले. जवळ गेलो, पापणी खाली ओढून पाहिली, पायाला सूज आहे का ते दाबून पाहिले, आणि हळूच विचारले, “बाळू, काय होतंय रे?”

त्याने एक डोळा उघडला. “काही नाही, सर,” तो म्हणाला, “कंटाळा आलाय.”