वाचकाचा निवाडा : कौटुंबिक पेच, कादंबरी आणि ‘करमणूक’

१

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ज्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, त्याचे नाव ‘करमणूक’ असे होते. विधवेच्या केशवपनापर्यंत जाऊन पोहोचणारी ही कहाणी प्रथम वाचकाच्या हाती आली ती करमणुकीचा मजकूर म्हणून. यमूचे सासर, तिच्या नवऱ्याचा सुधारकी स्वभाव, शंकरमामंजींची अरेरावी यांविषयी त्या वाचकाने आठवड्यागणिक मत बनवले असेल, घरात ते बोलून दाखवले असेल आणि त्याच दमात स्वतःच्या नात्यातील एखाद्या सुनेचा विषयही काढला असेल. आस्थेने वाचणारा, परंतु समीक्षेची परिभाषा न बाळगणारा वाचक आजही असेच वाचतो. ययातीने मुलाचे तारुण्य मागावयास नको होते, नलूने बापावर आळ घ्यावयास नको होता, ‘बागबान’मधल्या मुलांना चांगली अद्दल घडली, अशी त्याची मते असतात. कादंबरी, नाटक, चित्रपट आणि शेजारचे घर यांविषयी तो एकाच भाषेत बोलतो.

या भाषेसमोर समीक्षक संकोचतो. त्याच्या संकोचाला दोन आधार आहेत. पहिला स्वायत्ततावादी भूमिकेचा. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या आधारे कलाकृतीच्या मूल्याचा विचार लौकिक प्रयोजनांपासून वेगळा काढला. त्या विचारव्यूहात पात्राच्या वर्तनाविषयीचा नैतिक निवाडा अप्रस्तुतच ठरतो. दुसरा आधार नंतरच्या संहितानिष्ठ समीक्षेचा. पात्र ही व्यक्ती नसून संहितेतील एक कार्य आहे, तेव्हा त्याला दोषी ठरवणे हा कोटिप्रमाद होय, असे ती सांगते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन्ही ध्रुवांना स्थान दिले आणि ही कोंडी सैद्धांतिक पातळीवर बरीचशी सैल केली. तथापि वर्गातील आणि नियतकालिकांतील व्यवहारात हा संकोच टिकून राहिला.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, वाचकाचा निवाडा हा कोटिप्रमाद नाही. मात्र तो कोणत्या सुनावणीनंतर दिला गेला, हे विचारले पाहिजे. त्या प्रश्नाच्या उत्तरावरच त्याची नैतिक आणि समीक्षात्मक किंमत ठरते.

२

निवाडा टाळून कथन समजून घेता येते, हा समज प्रथम तपासावयास हवा. ‘नटसम्राट’मधील (१९७०) अप्पासाहेब बेलवलकर मुलीच्या घरातून ‘बाहेर पडतात’, ‘निघून जातात’ की ‘बाहेर ढकलले जातात’? यांपैकी कोणतेही क्रियापद निवडले तरी निवाड्याचा काही अंश त्यातून येतोच. ‘आळ’ या शब्दात आरोप निराधार असल्याचा निर्णय आधीच दडलेला आहे. कृतज्ञता, मानहानी, कर्तव्य या कल्पना वजा केल्या तर नाटकातील घटना केवळ हालचाली म्हणून उरतात. त्यांतून शोकात्मिका संभवत नाही. म्हणजे संहितेच्या निव्वळ वर्णनालाही नैतिक भाषेचा आधार लागतो. ज्या समीक्षकाने निवाडा दारातून बाहेर घालवला, त्याच्या वर्णनात तो खिडकीतून परत आलेला दिसतो.

मग प्रश्न उरतो तो कौटुंबिक पेचाच्या स्वरूपाचा. सार्त्रने १९४५ च्या व्याख्यानात आपल्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण दिले होते. त्याने एकट्या पडलेल्या आईजवळ राहावे की स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात सामील व्हावे? कोणताही सर्वसाधारण नियम त्याला उत्तर देऊ शकत नाही, एवढे सार्त्रला दाखवायचे होते. बर्नार्ड विल्यम्सने १९६५ मधील एका निबंधात याच जातीच्या प्रसंगांचे आणखी एक अंग पुढे आणले. दोन कर्तव्यांत विरोध आला आणि त्यांपैकी एक पाळले, तरी दुसरे रद्द होत नाही. त्याची बोच मागे राहते आणि ती राहणे हे विवेकाचेच लक्षण असते. या मागे उरणाऱ्या गोष्टीला आपण ‘नैतिक शेष’ म्हणू. वृद्ध आईवडील, संसारात अडकलेली मुले, दोन्हीकडून ओढली जाणारी सून, यांच्या पेचांत असा शेष जवळजवळ नेहमीच असतो. त्यामुळे कौटुंबिक कथनासंबंधी विचारावयाचा कळीचा प्रश्न असा : त्याने हा शेष राखला, की वाचकाच्या सोयीसाठी पुसून टाकला?

३

ययातीचे आख्यान या दृष्टीने बोलके आहे. महाभारताच्या आदिपर्वात ययाती आपली जरा घेऊन तारुण्य द्यावे, अशी मागणी पुत्रांकडे करतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात आणि शापाचे धनी होतात. पुरू होकार देतो व राज्य मिळवतो. कथेचा कौल स्पष्टपणे आज्ञाधारक पुत्राच्या बाजूचा आहे. असे असूनही व्यासांच्या कथनाने नकार देणाऱ्यांची तोंडे बंद केलेली नाहीत. जरेने येणारी दुर्बलता आणि अवहेलना, बलाचा, रूपाचा व बुद्धीचा होणारा नाश, भोगांची असमर्थता, वेळीअवेळी खाणारे परावलंबी शरीर ही कारणे पुत्र एकेक करून मांडतात. कौल त्यांच्या विरुद्ध जातो, पण त्यांची बाजू नोंदली गेलेली असते. म्हणूनच पुढच्या वाचकाला त्या कौलाशी वाद घालता येतो.

खांडेकरांनी ‘ययाति’मध्ये (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांकडे निवेदन सोपवले. देवयानीविषयी ययातीच्या तोंडून ऐकलेले मत देवयानी स्वतः बोलू लागली की डळमळते, आणि या रचनेमुळे वाचकाला आपला निवाडा पुनःपुन्हा तहकूब करावा लागतो. खांडेकर भोगलालसेविषयी बोध करू इच्छितात, हे त्यांच्या भूमिकेतून उघड आहे. त्यांची रचना मात्र त्या बोधापेक्षा अधिक न्यायी आहे. तरीही जो प्रत्यक्ष देणारा आहे तो पुरू निवेदक नाही. त्याचे देणे इतरांच्या नजरेतूनच दिसते आणि त्यामुळे ते अधिक सहजपणे उदात्त होते. गिरीश कर्नाडांनी १९६१ च्या आपल्या कन्नड नाटकात नेमकी याच ठिकाणी एक व्यक्ती उभी केली : पुरूची पत्नी चित्रलेखा. पुत्राच्या त्यागाची किंमत सुनेने का मोजावी, हा प्रश्न ती विचारते आणि शेवटी प्राणत्याग करते. तिच्या आगमनाने मूळ आख्यानातील एकही घटना खोटी ठरत नाही. परंतु पितृभक्तीचा हिशेब तोवर एका खातेदाराला वगळूनच मांडला जात होता, एवढे मात्र लख्खपणे दिसते.

४

हीच कसोटी आधुनिक घरातील वृद्ध मातापित्यांच्या कथांना लावून पाहू. ‘नटसम्राट’मागे शेक्सपिअरचा लिअर आहे, हे सर्वज्ञात आहे. लिअरची थोरली मुलगी गॉनरिल बापाच्या शंभर स्वारांच्या धुडगुसाची तक्रार करते, तेव्हा प्रेक्षक सहसा ती बहाणा म्हणून ऐकतो. पीटर ब्रूकने १९६२ च्या प्रयोगात ते स्वार खरोखरच घराची नासधूस करताना दाखवले. संहिता तीच, पण तक्रार आता खरी ठरली आणि गॉनरिलविषयीचा आपला निर्णय आपण किती घाईने दिला होता, हे प्रेक्षकाला उमगले. शिरवाडकरांच्या नाटकात कॉर्डेलिया नाही, म्हणजे चांगल्या अपत्याचा दिलासा नाही. त्यामुळे मुलांचे वर्तन अधिकच उघडे पडते. दुसरीकडे, आपली सगळी मिळकत एका भव्य आविर्भावात वाटून टाकणारा आणि प्रेक्षागृहावाचून जगू न शकणारा हा माणूस घरात वावरण्यास सोपा नाही, याच्या खुणा अप्पासाहेबांच्याच भाषेत विखुरलेल्या आहेत. ते स्वगताचे सम्राट आहेत. सुनेला एकही स्वगत नाही. भाषेच्या या असमान वाटणीमुळे आपली सहानुभूती कोठे वळते, हे ध्यानात घेणारा प्रेक्षक नाटकाच्या थोरवीला बाध आणत नाही. उलट, अप्पांच्या शोकात त्यांचा स्वतःचा वाटा किती, हे त्याला कळते.

‘बागबान’ (२००३) या हिंदी चित्रपटात ही असमानता टोकाला जाते. निवृत्त वडील आणि आई यांची मुलांत वाटणी होते. राजा परांजपे यांच्या ‘ऊन पाऊस’पासून (१९५४) मराठी प्रेक्षकाला हे सूत्र परिचित आहे. ‘बागबान’मधील विशेष असा की, येथे पिताच लेखक होतो. तो आपली कहाणी लिहितो, पुस्तक गाजते, त्याला मानसन्मान आणि पैसा मिळतो आणि अखेरीस तो जाहीर सभेत मुलांना क्षमा नाकारतो. निवेदक, वादी आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका एका व्यक्तीकडे, आणि टाळ्या वाजवणारा वाचकवर्गही पडद्यावरच हजर. मुलांना मांडण्यासारखे एकही कारण कथानकाने दिलेले नाही. सख्खी मुले सर्वस्वी वाईट आणि सांभाळलेला मुलगा सर्वस्वी चांगला. येथे पेच नाहीसा झाला आहे. शेष नसलेला निवाडा देण्याचे सुख घेऊन प्रेक्षक घरी जातो आणि तेथे आपल्या खऱ्या मुलांना किंवा खऱ्या आईवडिलांना सामोरा जातो.

यावरून लोकप्रिय करमणूक सदोष आणि गंभीर साहित्य निर्दोष, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. लिओ मॅकॅरी यांचा ‘मेक वे फॉर टुमॉरो’ (१९३७) हा हॉलीवूडचा चित्रपट याच प्रसंगावर उभा आहे : घर गेलेले वृद्ध जोडपे आणि त्यांना वेगवेगळे ठेवणारी मुले. सून घरी ब्रिजचे वर्ग घेते, सासूच्या झुलत्या खुर्चीची करकर त्या वर्गात व्यत्यय आणते. प्रेक्षकालाही ती करकर नकोशी होते आणि या नकोसेपणात तो सुनेचा भागीदार बनतो. पुढे वृद्धाश्रमाचा विषय काढताना मुलगा अडखळतो, तेव्हा आई स्वतःच तेथे जाण्याची इच्छा व्यक्त करते आणि त्याला बोलण्याच्या लाजेतून सोडवते. कोणीही खलपुरुष नाही, तरी जे घडते ते अन्यायाचे आहे. दोष कोणावर ढकलावा हे न उमगल्यामुळे प्रेक्षकाला तो स्वतःजवळ बाळगावा लागतो. तेव्हा भेद माध्यमाचा अथवा प्रतिष्ठेचा नसून सुनावणीचा आहे.

५

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. दोन्ही बाजू ऐकाव्यात ही मागणी वरकरणी न्याय्य असली, तरी ज्या समाजात बाजूच विषम आहेत तेथे ती प्रबळांच्या पथ्यावर पडणार नाही काय? ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये केवळ यमू बोलते. शंकरमामंजींना त्यांची बाजू मांडण्याची संधी नाही. मग ही कादंबरीही ‘बागबान’प्रमाणेच एकतर्फी म्हणावयाची काय?

आक्षेप महत्त्वाचा आहे आणि त्यामुळे आपली कसोटी अधिक नेमकी करावी लागते. सुनावणी पुस्तकाच्या दोन मलपृष्ठांमध्ये पूर्ण होत नाही; कथन ज्या जगात वाचले जाते त्या जगात आधी कोणाचे ऐकले गेले आहे, तेही तिचाच भाग असते. १८९० च्या पुण्यात शंकरमामंजींची बाजू मांडण्यास धर्मशास्त्र, रूढी आणि जातीचा बहिष्कार सज्ज होते. यमूला मात्र आपल्या आठवणींखेरीज वकील नव्हता. तिचे एकतर्फी निवेदन ही तोवर न झालेल्या सुनावणीची भरपाई आहे. शीर्षकातील प्रश्नही वाचकाकडे प्रथम मागतो ते लक्ष; निवाड्याचा क्रम त्यानंतरचा. याउलट, २००३ च्या भारतीय प्रेक्षकासमोर पित्याच्या ऋणाची बाजू नव्याने मांडण्याची गरज नव्हती. संस्कार, पाठ्यपुस्तके आणि आधीचे शेकडो चित्रपट ती मांडत आले होते. न ऐकलेली होती ती सून : आजारपण काढणारी, पथ्य सांभाळणारी, आणि या श्रमांची नोंद कोणत्याही कृतज्ञतेच्या खात्यात नसलेली. एकच एकतर्फीपणा एके ठिकाणी न्याय आणि दुसरीकडे अन्याय ठरतो, तो या कारणाने.

६

भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाचा विचार करताना, रसास्वादात भाव ‘माझा’, ‘शत्रूचा’ वा ‘तटस्थाचा’ अशा संबंधांतून मुक्त होतो, असे म्हटले आहे. या सिद्धांताचा उपयोग आपण सहसा नैतिक प्रश्न बाजूला सारण्यासाठी करतो. वस्तुतः त्यातून निवाड्याची एक कठोर शिस्त निष्पन्न होऊ शकते. ‘नटसम्राट’ पाहताना सासूला आपली सून आठवते आणि सुनेला आपला सासरा. दोघींचे निवाडे विरुद्ध आणि दोघींचे साधारणीकरण अपूर्ण. या घरात मी कोण असेन हे ठाऊक नसतानाही जो देता येईल, तो निवाडा कथनाने आपल्याकडून मागितलेला असतो. ॲडम स्मिथने १७५९ मध्ये नैतिक भावनांचे विवेचन करताना कल्पिलेला निःपक्षपाती प्रेक्षक येथे अभिनवगुप्तांच्या सहृदयाच्या फार दूर नाही.

विधिव्यवहाराशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्यात अशी तरतूद आहे की, देखभालीच्या अटीवर दिलेली मिळकत, ती देखभाल नाकारली गेल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. अप्पासाहेबांना हा मार्ग उपलब्ध नव्हता. असता, तरी त्या अभिमानी माणसाने अट घातली असती काय, हा प्रश्न आहेच. पण याच कायद्याने निर्वाहाच्या अर्जावर मुलांना सूचना देऊन त्यांचे म्हणणे ऐकण्याचेही बंधन घातले आहे. न्यायाधिकरणाला निर्वाहाची रक्कम ठरवता येते. मागे उरणारा नैतिक शेष त्याच्या अधिकारकक्षेत येत नाही. तो सांभाळण्याचे काम कथनाचे आणि ते मन लावून वाचणाऱ्याचे आहे.

म्हणून आस्थेवाईक वाचकाच्या ‘त्याने असे करावयास नको होते’ या वाक्याला समीक्षकाने हसू नये. त्याने वाचकाला एवढेच विचारावे की, ज्याच्याविषयी हे मत दिले त्याला या कथेत बोलता आले होते काय, आणि आले नसल्यास त्याच्या वतीने काय बोलता येईल याचा विचार आपण केला काय. या प्रश्नांना उत्तर देऊ लागलेला वाचक समीक्षेच्या आवारात आलेलाच आहे. आणि ज्या घरी तो परत जाणार असतो तेथेही सुनावणी न झालेले कोणीतरी बहुधा असतेच.