विश्रांत पेशी आणि विभाजनाचा संकेत

पूर्ण वाढ झालेल्या माणसाच्या शरीरातील बहुतेक पेशी कोणत्याही क्षणी विभाजित होत नसतात, तरीही त्यांपैकी अनेकींची विभाजनक्षमता शाबूत असते. ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकात एका वाक्यात सांगितली जाते. तिच्यापर्यंत पोहोचायला मात्र जीवशास्त्राला फार काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रुडॉल्फ फिरखो यांनी प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते हे तत्त्व रुजवले, पण जी पेशी विभाजित होत नाही ती कशामुळे थांबली आहे, हा प्रश्न त्या तत्त्वातून उभा राहत नव्हता. अशी पेशी आपल्या विकासाच्या शेवटच्या टप्प्यावर पोहोचली आहे असे मानणे सोपे होते, आणि रक्तातील लहान लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींपैकी संसर्गाशी लढणारा एक गट, यांच्याबाबत तर हाच समज रूढ होता.

हा समज ढळला तो एका कडधान्यामुळे. राजम्याच्या दाण्यांत तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवणारे फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते, आणि प्रयोगशाळांत त्याचा उपयोग तांबड्या पेशी गोळा करून बाजूला काढण्यासाठी केला जात असे. फिलाडेल्फियातील पीटर नोवेल यांनी १९६० मध्ये दाखवून दिले की हे प्रथिन मिसळलेल्या संवर्धनात निरोगी माणसाच्या लिम्फोसाइट दोन-तीन दिवसांत मोठ्या होऊन विभाजित होऊ लागतात आणि ते वगळले तर विभाजन आढळत नाही. केवळ पेशी वेगळ्या करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थाकडे संशयाने पाहण्याची ही वृत्ती विज्ञानात दुर्मीळ आहे, आणि तिचे फळही मोठे होते: गुणसूत्रांच्या तपासणीसाठी रक्ताच्या नमुन्यातील पेशी आजही याच प्रथिनाने विभाजनाला प्रवृत्त केल्या जातात.

दरम्यान विभाजनाचे टप्पे स्पष्ट होऊ लागले होते. अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी १९५३ मध्ये पेशीचक्राचे भाग मांडले, आणि डीएनएची प्रत तयार होण्यापूर्वीच्या काळाला जी१ हे नाव मिळाले. पुढे लास्लो लायथा यांनी त्या चक्राबाहेर थांबलेल्या, पण परत येऊ शकणाऱ्या पेशींची अवस्था वेगळी मानली आणि ती जी० म्हणून ओळखली जाऊ लागली. या अवस्थेतून पेशीला बाहेर कोण काढते, याचे उत्तर रक्तात सापडले. संवर्धनात वाढवलेल्या संयोजी ऊतींच्या पेशी सीरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटलेल्या द्रवात, जोमाने विभाजित होतात, परंतु न गोठलेल्या रक्तापासून मिळवलेल्या रक्तद्रवात जवळजवळ थांबून राहतात, हा फरक ध्यानात आल्यावर १९७४ मध्ये रसेल रॉस आणि इतरांनी त्याचे कारण रक्त गोठताना प्लेटलेटमधून बाहेर पडणाऱ्या वृद्धिघटकात दाखवून दिले. रक्त गोठते ते बहुधा जखमेच्या जागी, आणि जखम भरून काढायची तर भोवतीच्या पेशींनी विश्रांती सोडली पाहिजे. विभाजनाचा संकेत दुरुस्तीच्या गरजेशी इतका नेमका जोडलेला असावा, हे या संशोधनाचे सर्वांत सुंदर फलित म्हणावे लागेल.

त्याच वर्षी आर्थर पार्डी यांनी जी१मध्ये एक निर्बंधबिंदू असल्याचे मांडले: तो ओलांडेपर्यंत पेशीला वृद्धिघटकाची सतत गरज असते, आणि ओलांडल्यावर तो काढून घेतला तरी पेशी विभाजन पूर्ण करते. येथे विचाराची दिशा बदलली, कारण तोवर पेशीला पुढे कोण ढकलते एवढेच विचारले जात होते आणि आता तिला कोण अडवून धरते हेही विचारावे लागले. याचे उत्तर पुढे दृष्टिपटलाच्या एका कर्करोगातून सापडलेल्या आरबी प्रथिनाने दिले. हे प्रथिन विभाजनाची जनुके चालू करणाऱ्या घटकांना बांधून ठेवते. वृद्धिघटक पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटला की आत संकेतांची साखळी सुरू होते, सायक्लिन-डी हे प्रथिन तयार होते, आणि त्याच्या साहाय्याने आरबीवर फॉस्फेटचे गट चढून त्याची पकड सुटते. कर्करोगाच्या पेशीत अनेकदा हीच पकड आधीच निकामी झालेली असते.

लिम्फोसाइटपैकी टी-पेशींच्या बाबतीत निसर्गाने अट आणखी कडक ठेवली आहे. त्यांना सीडी३ या ग्राहीसमूहातून मिळणारा पहिला संकेत पुरत नाही; सीडी२८सारख्या ग्राहीतून दुसरा संकेत यावा लागतो, आणि मग त्या स्वतःच इंटरल्युकिन-२ हा वृद्धिघटक स्रवून आपल्या विभाजनाला बळ देतात. दुसऱ्या संकेताशिवाय मिळालेला पहिला संकेत पेशीला निष्प्रभ करू शकतो, आणि शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये यासाठी ही सावधगिरी मोलाची आहे.

या साऱ्या ज्ञानाचा मुंबईतील सर्वांत थेट उपयोग पवईच्या आयआयटीत झाला. तेथील राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियल केंद्राच्या डॉक्टरांसह विकसित केलेला नेक्सकार१९ हा कर्करोगावरील उपचार खारघरच्या केंद्रात जून २०२१ मध्ये प्रथम एका रुग्णाला देण्यात आला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. अशा उपचारात रुग्णाच्या रक्तातून काढलेल्या विश्रांत टी-पेशींना साधारणपणे सीडी३ आणि सीडी२८ यांमार्फत शरीराबाहेर जागे केले जाते, त्यांच्यात कृत्रिम ग्राहीचे जनुक घातले जाते, आणि त्यांची संख्या वाढवून त्या परत रुग्णाच्या शरीरात सोडल्या जातात. तो ग्राही रक्ताच्या काही कर्करोगांतील पेशींवरचे सीडी१९ हे प्रथिन ओळखतो, आणि दोन्ही संकेत एकाच रेणूत गुंफलेले असल्यामुळे ओळख पटताच टी-पेशी पुन्हा विभाजित होऊ लागते. परदेशात काही कोटी रुपयांना पडणारा उपचार त्या किमतीच्या लहानशा अंशात येथे उपलब्ध व्हावा, याचे मोल ज्या घरात असा रुग्ण आहे तेथे वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र जागे करण्याइतकेच थांबवून ठेवणेही महत्त्वाचे असते, हे आता दिसू लागले आहे. १९९७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले की केएलएफ२ हे नियंत्रक प्रथिन नसेल तर टी-पेशी संकेतावाचूनच जाग्या होतात आणि मरून जातात. म्हणजे विश्रांती ही पेशीने प्रयत्नपूर्वक टिकवलेली अवस्था आहे. शरीराबाहेर दीर्घकाळ विभाजित होत राहिलेल्या टी-पेशी रुग्णाच्या शरीरात कमी टिकतात असे दिसल्यामुळे संवर्धनाचा काळ आठवड्याहून अधिक न ठेवता तीन-चार दिवसांवर आणण्याचे प्रयोग ठिकठिकाणी चालू आहेत, आणि किती विभाजन पुरेसे आहे हे ठरवण्यासाठी संशोधकांना पुन्हा जी० अवस्थेच्याच अभ्यासाकडे वळावे लागत आहे.