भंगार आणि चुंबक

भंगारवाल्याशी माझं भांडण कधीच होत नाही. भांडण होतं ते त्याला हाक मारणाऱ्या व्यक्तीशी. ती व्यक्ती गेली पंचेचाळीस वर्षं माझी पत्नी असल्यामुळे भांडणाचा निकाल आधीच ठरलेला असतो. फक्त सुनावणी व्हायची बाकी असते.

यंदाच्या सुनावणीला निमित्त झालं काकांच्या खोक्याचं. आमचं जुनं घर रेवदंड्याला, नारळी-पोफळीच्या वाडीत. घराचं वायरिंग नवं करायला घेतलं, तेव्हा माळ्यावरून हे खोकं खाली आलं. माझे काका आयुष्यभर वायरमन होते. खोक्यात लाकडी केसिंगपट्ट्यांचे तुकडे, चिनी मातीचे फ्यूज, बुंदीच्या लाडवाएवढे काळे गोल स्विच, पितळी होल्डर आणि तळाशी एक लांबोडकी वही. वहीत काका रोज लिहीत : ‘दिवे गेले ७-१०, आले ९-३५. वारा नैर्ऋत्येचा. चिंचेची फांदी तारेवर.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वेळ निराळी, फांदी निराळी. काकांच्या अशा तीन वह्या होत्या. लहानपणी आम्ही त्यांना ‘अंधाराची रोजनिशी’ म्हणत असू आणि काका दिसेनासे झाले की खो खो हसत असू. पहिल्या दोन वह्या पुढे बंब पेटवायला कामी आल्या.

“अहो, हे सगळं आजच्या आज जायला हवं,” सौ. म्हणाली.

“अगं, हा इतिहास आहे!”

“इतिहास रायगडावर असतो. माळ्यावर असतो त्याला पसारा म्हणतात.”

आमच्या जिल्ह्यात हा युक्तिवाद फार प्रभावी ठरतो. १९८१ साली जिल्ह्याचं कुलाबा हे नाव बदलून रायगड झालं, तेव्हापासून इतिहास म्हणजे किल्ला हे समीकरण अधिकच पक्कं झालं. तलवार दिसली की आपण नकळत चपला काढतो. पण याच जिल्ह्यातल्या खोपोलीला १९१५ साली टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटावरून उतरणाऱ्या पाण्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या, याबद्दल कुणी चपला काढल्याचं मी पाहिलेलं नाही. पोवाडा लढाईचा होतो, ट्रान्सफॉर्मरचा होत नाही.

तरीही मी आवेश आवरून मनाशी विचार केला. जुनी वस्तू ठेवावी तरी कशासाठी? आठवण म्हणून? आठवण आपल्याबरोबर जाते, वस्तू मुलांच्या गळ्यात पडते. किंमत येईल म्हणून? माझ्या हयातीत तरी फुटक्या फ्यूजला भाव येण्याचं चिन्ह नाही. अभिमान म्हणून? एवढा अभिमान होता तर खोकं तीस वर्षं माळ्यावर का होतं? उलटतपासणीत मीच गारद झालो.

अशा वेळी माझ्या मदतीला धावून आली अलिबागची चुंबकीय वेधशाळा.

अलिबागला लोक समुद्र बघायला येतात, पांढरे कांदे घेतात आणि परत जातात. याच गावात एक वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नाडी धरून बसली आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. ही वेधशाळा मूळची मुंबईची, तिथल्या कुलाब्याची. अलिबागच्या पाण्यात उभ्या असलेल्या किल्ल्याचं नावही कुलाबाच. म्हणजे कुलाब्याची वेधशाळा उठली ती कुलाब्याच्याच शेजारी येऊन बसली. त्या काळच्या पोस्टमनची मला दया येते.

ती उठली कशामुळे? विजेमुळे. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. लोहचुंबक इतकं हलकं टांगलेलं, की पृथ्वीच्या चुंबकत्वात केसाएवढा फरक पडला तरी ते वळावं. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. त्यांना वेधशाळेची हरकत नव्हती. नाल सोडले तर घोड्यात लोखंड ते किती! पण पुढे विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामची वीज रुळांवाटे परत जाते, थोडी जमिनीत झिरपते आणि तिच्यामुळे चुंबक डुलायला लागतं. मग डुललं ते पृथ्वीमुळे की ट्राममुळे, हे सांगणार कोण?

वेधशाळेचे संचालक होते नानाभाय मूस, त्या जागेवरचे पहिले भारतीय. त्यांनी ट्रामविरुद्ध मोर्चा काढला नाही. मुंबईपासून सरळ रेघेत तीसेक किलोमीटरवरचं अलिबाग त्यांनी निवडलं. कोकणचा काळा दगड स्वतःच थोडा चुंबकीय असतो, म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणवला. बांधकामात लोखंड वर्ज्य.

पण मला मूस यांच्यापुढे चपला काढाव्याशा वाटल्या त्या याच्या पुढच्या गोष्टीसाठी. अलिबाग सुरू झालं म्हणून त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापं चालू ठेवली. हे म्हणजे शिंपी बदलताना जुन्या आणि नव्या शिंप्याकडून एकाच दिवशी माप घेण्यासारखं झालं. नाहीतर पुढे आपण जाड झालो की नव्या शिंप्याची टेप आखूड आहे, हे कळणार कसं? त्या दोन वर्षांच्या जोडकामामुळे कुलाब्याच्या साठ-पासष्ट वर्षांच्या नोंदी अनाथ झाल्या नाहीत. त्या अलिबागच्या नोंदींना जोडल्या गेल्या आणि ती साखळी आजही चालू आहे.

गंमत पुढेच आहे. विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद पडली. काही वर्षांपूर्वी मुंबईकरांना दाखवायला एक ट्राम हवी झाली, तर ती कोलकात्याहून आणावी लागली. जिच्यासाठी वेधशाळेला बिऱ्हाड हलवावं लागलं ती गेली. बिऱ्हाडकरू मात्र अलिबागला सुखरूप आहे!

मी हे सगळं सौ.ला रंगवून सांगितलं. हुकमाचं पान मी शेवटी टाकलं. १८५९ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावर मोठा स्फोट झाला आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठलं. अमेरिकेत तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून टाकल्या, तरी तारा चालू राहिल्या. त्या दिवशी मुंबईच्या कुलाब्याला कुणीतरी कारकून नेहमीसारखा आकडे टिपत होता. चुंबकाने केवढी उडी मारली, तेवढं त्याने लिहिलं. का मारली, हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. ते आकडे पडून राहिले. मग २००३ साली अमेरिकेतले त्सुरुतानी आणि आपल्या भूचुंबकत्व संस्थेतले लाखिना वगैरे मंडळींनी ते बाहेर काढले. घट निघाली सोळाशे नॅनोटेस्लांच्या आसपास! १९८९ च्या मार्चमध्ये याहून पुष्कळ लहान वादळाने कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली होती. आज १८५९ सारखं वादळ आलं तर विजेच्या जाळ्याचं काय होईल, याचा अंदाज बांधताना त्या कारकुनाचे आकडे कामाला येतात. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी!

“आता बोल,” मी म्हटलं. “कशाचा कधी उपयोग होईल ते सांगता येतं का? म्हणून खोकं राहणार.”

सौ. तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. “त्या माणसाने तारीख घातली होती?”

“अर्थात!”

“वेळ? कुठे मोजलं, कशाने मोजलं?”

“सगळं होतं.”

“मग तुमच्या खोक्यावर काय लिहिलंय?”

खोक्यावर ‘पारले ग्लुको’ असं लिहिलं होतं.

मी गप्प बसलो. पंचेचाळीस वर्षांत बायकोने मला पुष्कळदा गप्प केलं आहे, पण दर वेळी मला पटलेलं असतं असं नाही. या वेळी पटलं. मूस यांनी चुंबक माळ्यावर टाकून ‘इतिहास जपला’ असं म्हटलं नव्हतं. दोन वर्षं दुप्पट काम केलं होतं. आपण जपणं म्हणजे न टाकणं असं समजतो. न टाकायला काय लागतं? आळस पुरतो. पुढच्या माणसाला वस्तू नुसती मिळून चालत नाही. ती काय आहे ते कळावं लागतं. ते सांगून ठेवण्याचं काम जो टाळतो, तो आणि भंगारवाला यांच्यात फरक एवढाच, की भंगारवाला निदान वजन तरी करतो.

मग मी खोकं उचलून ओटीवर काकूंपुढे ठेवलं. काकूंचं वय अठ्ठ्याऐंशी. ऐकू कमी येतं, आठवतं सगळं.

“अरे, हा स्विच देवघरातला. घरात दिवे आले, तेव्हा पहिला हाच लावला ह्यांनी. सासूबाई तो दिवा लागल्यावर समई विझवू देईनात. म्हणाल्या, हा नवा गडी आहे, याचा भरवसा काय!”

“आणि ही वही कशासाठी लिहायचे काका?”

“मी विचारलं होतं रे एकदा. म्हणाले, फांदी कुठे कुठे लागते ते कळलं की पावसाआधी तोडता येते. मग पोरांचा अभ्यास बुडत नाही.”

ती पोरं म्हणजे आम्ही. खो खो हसणारी.

मी एकेका वस्तूला चिठ्ठी बांधत गेलो. चार दिवस लागले. काकू दमल्या की थांबायचं, चहा झाला की पुन्हा सुरू. चिठ्ठ्या झाल्यावर एकसारख्या सात होल्डरांतले सहा आणि पट्ट्यांचे बरेचसे तुकडे मी स्वतःच्या हाताने भंगारवाल्याला दिले. सौ.ला हे इतकं अनपेक्षित होतं, की तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

एक वस्तू तेवढी अडली. चिनी मातीचं, दोन भोकांचं, बोटभर लांबीचं काहीतरी. काकूंनी उलटसुलट करून पाहिलं आणि मान हलवली. वायरमन मुलाने फोनवर तिचा फोटो काढला आणि तोही हरला.

“ही तरी टाका,” सौ. म्हणाली.

मी चिठ्ठी लिहिली : ‘काय आहे ते माहीत नाही. रेवदंड्याच्या घरात, पडवीतल्या दाराच्या वर, डावीकडे बसवलेलं होतं.’ खाली तारीख घातली.

सौ.ने चिठ्ठी वाचली, माझ्या हातातून पेन घेतलं आणि तारखेपुढे वेळही घातली.