खरेपणाची खूण

सौ.च्या षष्ट्यब्दीला मी इंटरनेटवर कुणाची तरी वापरलेली लुई व्हितॉनची बॅग घेतली. छायाचित्रे खरीची होती. हाती आली ती नकली. जाणकाराने शिवण पाहूनच मान हलवली. सौ. एवढेच म्हणाली, "अहो, भाजी तर मावेल ना हिच्यात?"

गंमत पाहा. १८९६ साली जॉर्ज व्हितॉनने वडिलांच्या आद्याक्षरांची ती प्रसिद्ध नक्षी काढली, ती नकला थांबाव्यात म्हणून. आज नकला होतात त्या नेमक्या तिच्याच! खरेपणाला खूण लावली, की काय चोरायचे तेही चोराला कळते.

पण लबाड काय तो एकटाच? किंमत पाहून माझ्याही मनात पाल चुकचुकली होती; स्वस्तातल्या मोठेपणापायी मी तिकडे कानाडोळा केला. पुढे तीच छायाचित्रे लावून बॅग दुसऱ्याच्या गळ्यात मारावी, असेही मनात येऊन गेले. न पाहिलेली वस्तू घेताना आपण अनोळखी माणसाचा शब्द विकत घेत असतो. मी तसे केले असते, तर बॅगेसारखाच माझा शब्दही नकली ठरला असता. आणि त्याची शिवण तपासणारा जाणकार कुठला?

बॅग आता दाराच्या खुंटीला असते. भाजीला मी तीच नेतो.