बंद दारापुढे उभे राहणारे

धार जिल्ह्यातील राजगढ हे गाव मोहनखेड्याच्या जैन तीर्थामुळे दूरवर परिचित आहे. काही वर्षे आमचे वास्तव्य तेथे होते. पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेली मराठी घराणी धार-देवासकडे पुष्कळ. परंतु आमच्या शेजारी राहत ते एक गोमंतकीय ख्रिस्ती शिक्षक. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांच्याशी कोंकणीत चार शब्द बोलणे हा आम्हां उभयतांचा मोठाच विसावा होता. गृहस्थ श्रद्धाळू, रविवारची प्रार्थना न चुकविणारे. एके दिवशी त्यांनी आम्हांस मातेउश दे काश्त्रू यांची हकीकत सांगितली.

हे मातेउश दिवाडी बेटावरचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ब्राह्मण कुळात जन्मले. पाद्री व्हावे ही त्यांची उत्कट इच्छा. पण गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांस दीक्षा नाकारली. बुद्धी होती, निष्ठा होती. उणीव होती ती गोऱ्या कातडीची. तेव्हा हा तरुण खुष्कीच्या मार्गाने थेट रोमला गेला. तेथे विद्या संपादून तो पाद्री झाला आणि १६३७ मध्ये बिशपपदास पोहोचला. लॅटिन पंथाचे हे पहिले भारतीय बिशप. विजापूरच्या आदिलशाही मुलखाचा धर्माधिकार घेऊन ते परतले, तरी गोव्याच्या सत्ताधाऱ्यांनी त्यांचा अधिकार शेवटपर्यंत मनापासून मानला नाही. परत रोमची वाट धरून १६७७ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. ज्याच्या वधस्तंभापुढे सारे गुडघे टेकत, त्याच्याच नावाने चालणाऱ्या धर्मसंस्थेत ही वर्णाची उतरंड होती.

हे ऐकताना आमच्या मुद्रेवर काय उमटले असेल ते आम्हांस दिसले नाही; शेजाऱ्यांस दिसले. ते किंचित हसून म्हणाले, "बाब, हें आयकून तुमकां खोस भोगली न्हय?"

खोटे कशाला बोलावे? भोगली होती. आपले देवालय सोडून गेलेल्यांस नव्या घरातही ओसरीवरच बसावे लागले, या बातमीत एक प्रकारचे समाधान असते. सभ्य माणूस ते बोलून दाखवीत नाही, एवढेच. दुसऱ्याच्या धर्मातील अन्याय ऐकून येणारा संताप पुष्कळदा न्यायप्रेमातून येत नाही, आपल्या घराच्या अभिमानातून येतो. वाचकांनी हे आपापल्या मनाशी ताडून पाहावे.

आमच्या शेजाऱ्यांनी मग हकीकतीचा उत्तरार्ध सांगितला, आणि तो सांगताना त्यांचा स्वर बदलला. युरोपीय धर्मसंघांची दारे एतद्देशीय पाद्र्यांस बहुधा बंदच असत. म्हणून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याच्या काही पाद्र्यांनी आपली स्वतंत्र मंडळी उभारली. १६८५ मध्ये जोसेफ वाझ तीत आले आणि त्यांनी तिला शिस्त लावून दिली. हेच जोसेफ वाझ १६८७ मध्ये सिंहलद्वीपास गेले. तेथे डच सत्तेने कॅथलिक पाद्र्यांस बंदी केलेली, म्हणून मजुराच्या वेषात हिंडले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा सोडून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा त्यांनी स्वहस्ते केली. १७११ मध्ये ते कँडीतच वारले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांस संतपद दिले. हा पुरुष कोणत्याही धर्मात वंदनीय ठरला असता.

परंतु गोव्यातील त्या मंडळीत प्रवेश कोणास होता? ब्राह्मणांतून बाटलेल्या कुळांतील पाद्र्यांस. चार्डो म्हणविणाऱ्या ख्रिस्त्यांना आपले वेगळे स्थान शोधावे लागले. त्यांच्याही खालच्या मानल्या गेलेल्यांचा तर प्रश्नच नव्हता. बाहेर ठेवले गेलेल्यांनी घर बांधले आणि बांधून होताच दाराला अडसर घातला. "आमकां गोऱ्यांनी शिकयलें अशें म्हणूंक येना," आमचे शेजारी म्हणाले, "तें आमी घरांतल्यान घेवन आयिल्लें."

घरांतल्यान, म्हणजे आपल्याच घरातून! चर्चच्या उत्सवाचा मान कोणाचा, कोणत्या रंगाचा झगा कोणी पांघरावा, यावरून गोव्यातील ख्रिस्ती समाजात पिढ्यान् पिढ्या वाद झाले. आणि पालखीला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, यावरून आपल्या देवस्थानांत झाले. दोन्ही वाद एकाच मातीतले. १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीने गोव्यातील देवस्थानांचे महाजन ठरविले तेही कुळावरूनच. भक्तीचे माप काढण्याची सोय कोणत्याही दप्तरात नसते, हे खरे, पण म्हणून वंशावळीच्या चोपडीलाच भक्तीचे माप समजायचे काय?

कायद्याने हे मिटते असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १७६१ मध्ये पोर्तुगालच्या राजाने फर्मान काढून एतद्देशीय ख्रिस्त्यांस युरोपीयांच्या बरोबरीचे हक्क दिले. त्यानंतर पंचवीसएक वर्षांनी, १७८७ मध्ये, कांदोळीच्या पिंतो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा उठावाचा कट उघडकीस आला. त्यात वरच्या पदांपासून डावललेले पाद्री पुढे होते. फर्मान कागदावर राहिले होते. आपल्या संविधानाने १९५० मध्ये अस्पृश्यता रद्द केली. त्याच्या तीन वर्षे आधी, १९४७ मध्ये, पंढरीच्या विठ्ठलाचे दार सर्वांस उघडावे म्हणून साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले होते. दार उघडले. ते उघडणे लहान नव्हे, आणि कायदाही निरर्थक नव्हे. फर्मान नसते तर डावललेल्यांस बोट कशावर ठेवता आले असते? मात्र दाराच्या आतली माणसे कायद्याने बदलत नाहीत, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

इतका विचार आम्ही त्या रात्री केला आणि आपण फार न्यायी आहोत असे वाटून झोपी गेलो.

राजगढला आम्ही ज्या लहानशा देवळात नित्य जात असू, तेथे आसपासच्या पाड्यावरचा एक वृद्ध भिल्ल जळणाची मोळी घेऊन येई. त्याला कोणी अडविले नव्हते. तरी तो खालच्या पायरीपाशीच थांबे, मोळी उतरवी, कळसाकडे पाहून हात जोडी. इतक्या वर्षांत हे दृश्य आम्ही रोज पाहिले होते. एकदाही ते आमच्या डोळ्यांत खुपले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला म्हणालो की, आत चला, दर्शन घ्या. त्याने आधी आमच्याकडे, मग पुजाऱ्याकडे, मग आपल्या धुळीने माखलेल्या पावलांकडे पाहिले; आणि इथूनच दिसतात देव, असे मालवीत म्हणून तो पायरीवरच राहिला. आम्ही आग्रह केला नाही. आग्रह करावा एवढी ओळखच कोठे होती? त्याचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते.

प्रसाद घेऊन आम्हीच खाली गेलो. त्याने नित्याप्रमाणे ओंजळ पुढे केली, आणि आम्ही साखरफुटाणे त्या ओंजळीत टाकले. देऊन झाल्यावर आमच्या ध्यानात आले की आमचा हात चांगला वीतभर उंचावर राहिला होता.