आधी हवा मोज, मग ट्रॅकच्या गप्पा मार

मोबाईल खिशात ठेव. तो व्हिडिओ मला बघायचा नाही. गाडी वळणावर कशी चिकटून गेली हे अख्ख्या गल्लीला दाखवून झालंय तुझं, आता माझ्याकडे शाबासकी मागायला येऊ नकोस. तू वर चहा पीत बसला होतास तेव्हा मी खाली जाऊन तुझ्या गाडीभोवती चक्कर मारून आलोय. आता मी बोलणार आणि तू ऐकणार.

पुढच्या डाव्या टायरवर कधी हात फिरवलास? बाहेरून आत फिरवला की गुळगुळीत लागतो आणि आतून बाहेर ओढला की तळव्याला खरखरतो. तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला हे तुला मीच शिकवलं होतं. टो-इन जास्त आहे, अलाइनमेंट बोंबललंय. बाहेरची कड घासून साफ झाली, तिथे रबराच्या गुठळ्या चिकटल्यात, आणि आतली नक्षी मात्र नवीकोरी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, कॅम्बर नावाला, त्यावर जोरात वळण घेतलंस की टायर कडेवर लोळतो. रबर विकत घेतलंस अख्खं आणि वापरलंस निम्मं. अलाइनमेंटला लागतात हजाराच्या आतबाहेर रुपये, ते जिवावर आले. टायरला मात्र महिन्याचा पगार!

आणि टायर तरी कसले? साइडवॉलवर लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात, ते मी चष्मा लावून वाचले. ३११९. म्हणजे २०१९ सालचा एकतिसावा आठवडा. ज्या आठवड्यात हा टायर साच्यातून बाहेर पडला त्या आठवड्यात तू माझ्या वर्गात मागच्या बाकावर पेंगत होतास. 'सर, जवळजवळ नवे आहेत, खाच पाच मिलिमीटर भरते,' हे मला नको सांगूस. खाच मोजता येते म्हणून मोजलीस. रबराचं काय? मी नख रुतवून बघितलं, रुतत नाही. सेमी-स्लिकचं रबर एकदा ट्रॅकवर तापलं, थंड झालं, पुन्हा तापलं, की दर फेऱ्याला थोडं थोडं कडक होत जातं. आधीच्या मालकाने त्यातला जीव काढून घेतला आणि उरलेलं टरफल तुझ्या गळ्यात मारलं. तू मोठ्या ऐटीत ते घरी आणलंस.

असे टायर सेकंडहँडच का घ्यावे लागले, हे तरी ठाऊक आहे? जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारीच्या नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली. परवान्याशिवाय बाहेरून माल येत नाही. वर आयएसआयची खूण लागते ती वेगळीच. त्यामुळे परदेशी व्हिडिओत जी नावं ऐकून तू नाचतोस, त्यातली बरीचशी आपल्याकडे तुझ्या मापात दुकानात मिळतच नाहीत. मग कुणाचे तरी उतरवलेले, कुणी तरी कुठून तरी आणलेले. हट्ट परदेशातला आणि माल भंगारातला.

काय म्हणालास? 'ट्रेडवेअर २०० आहे सर'?

हां, ही पोपटपंची यायचीच होती. तो २०० आला कुठून, सांग बरं. नाही ना येत. अमेरिकी सरकारच्या पद्धतीत टेक्सासमध्ये ४०० मैलांचा सार्वजनिक रस्त्याचा एक फेरा ठरवलेला आहे. त्यावर टायर एकूण ७,२०० मैल पळवतात आणि शेजारी पळणाऱ्या प्रमाण टायरशी त्याची झीज ताडतात. प्रमाण टायरला १००. त्यावरून जो आकडा छापायचा तो कंपनी स्वतः ठरवते. म्हणजे एका कंपनीचा २०० आणि दुसऱ्या कंपनीचा २०० एकाच तागडीत तोललेले नाहीत. आणि मुख्य म्हणजे हा झिजेचा आकडा आहे, पकडीचा नाही. पकडीचं जे अक्षर शेजारी छापतात, ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून काढलेलं असतं. वळणाशी त्याचा संबंध नाही, साचलेल्या पाण्याशी तर नाहीच नाही. घोकंपट्टी करून परीक्षा पास झालास, गाडी चालवतानाही तीच करणार?

आता बेरीज कर. फळ्यावर करायला लावलं असतं, पण फळा नाही. पुण्याहून इरुंगट्टुकोट्टाई. कात्रजहून जो ४८ नंबरचा हायवे धरतोस तोच कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगिरी, बंगळूर करत तुला ट्रॅकच्या दारात नेऊन सोडतो. एका बाजूला अकराशे किलोमीटरच्या वर. तिथला फेरा साधारण ३.७ किलोमीटरचा. दिवसभरात पंचवीस फेरे मारले असशील, तर झाले नव्वद-ब्याण्णव. त्या नव्वदासाठी जाऊन-येऊन बावीसशे. त्याशिवाय वर्षभर सिंहगड रोड ते हिंजवडी, रोजचं. टायर तू कशासाठी निवडलेस? त्या नव्वद किलोमीटरसाठी. आणि त्यांच्यावर बसून काय केलंस? उरलेलं सगळं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

थांब, मुद्द्यावर मी अजून आलोच नाही. मला राग टायरचा नाही आलेला.

ट्रॅकवर पहिल्या सत्रानंतर हवा मोजलीस, एक्केचाळीस भरली. कुणी तरी सांगितलं म्हणून गरम टायरमधून हवा सोडून चौतीसवर आणलीस. इथवर ठीक, ट्रॅकवर गरम टायरचाच दाब बघतात. मग संध्याकाळी सामान भरलंस आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघालास. हवा भरलीस? मान हलवू नकोस, तोंडाने सांग. नाही भरलीस.

अकरावीचं भौतिकशास्त्र काढ. चौतीस भरली तेव्हा आतली हवा ऐंशी अंशांवर होती असं धरू. पहाटे ती सत्तावीसवर आली. दाब किती उरला? गेजचा आकडा नुसता गुणू नकोस, आधी वातावरणाचे १४.७ मिळव आणि तापमान केल्विनमध्ये घे. कर. बेचाळिसाच्या जरा आत येतं ना? त्यातून ते १४.७ परत वजा कर. साडेसव्वीस. दरवाजाच्या चौकटीवर कंपनीने स्टिकर लावून तेहतीस लिहिलंय आणि तू साडेसव्वीसवर, डिकी भरून, शंभर-एकशेदहाने अकराशे किलोमीटर हाणलेस. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात भिंतीत वाकतो आणि वाकतो म्हणून तापतो. हायवेवर भर दुपारी ज्या गाड्यांचे टायर फुटतात, त्यातल्या कितीएकांची कथा इथूनच सुरू होते.

आणि कोल्हापूरला आईला गाडीत घेतलंस.

बेळगावपासून पाऊस होता हे तू मघाशी मोठ्या कौतुकाने सांगितलंस. खंबाटकी उतरून आल्यावर गाडी 'जरा तरंगल्यासारखी' झाली म्हणालास. जरा! टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकायला असतात. नव्या साध्या टायरला आठएक मिलिमीटर, तुझ्या या रत्नांना पाच, त्यातही नक्षी विरळ. खाचांना पाणी आवरेनासं झालं की टायर पाण्याच्या थरावर चढतो, आणि मग तुझं स्टिअरिंग, तुझे ब्रेक, तुझा तो तिसऱ्या वळणाचा व्हिडिओ, कशाचाच रस्त्याशी संबंध उरत नाही. हे कोणत्या वेगाला होतं याचा अंदाज बांधणारं नासाचं एक जुनं सूत्र आहे. दाबाचं वर्गमूळ घ्यायचं आणि सुमारे १६.६ ने गुणायचं, ताशी किलोमीटर मिळतात. ते विमानाच्या चाकांवरून काढलेलं, मोटारीला तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा बरोबर दाखवतं. तेहतीसला येतात पंच्याण्णव. साडेसव्वीसला पंच्याऐंशी. हवा न भरून तू दहा किलोमीटरचा आधार काढून टाकलास, खाचा आधीच अर्ध्या, रबर मेलेलं, आणि त्यावर आईला बसवून शंभरने आलास. रबर मेलेलं नसतं तरी काय झालं असतं? सेमी-स्लिकला पकड यायला उष्णता लागते. जुलैच्या पावसात ती कुठून यायची?

तिला हे सांगितलंस? सांगूही नकोस. पुन्हा गाडीत बसणार नाही ती, आणि बरोबर करील.

'मग साधे टायर लावून ट्रॅकवर जाऊ का?' असं तोंड वाकडं करून विचारू नकोस. हो, तेच लाव. मात्र साधे म्हणजे तुझ्या त्या मित्रासारखे नव्हेत. पेट्रोल वाचावं म्हणून कडक रबराचे टायर घातले त्याने आणि ट्रॅकवर नक्षीचे तुकडे उडवून आला. त्याला मी वेगळा बोलावलाय. पायलट स्पोर्ट ४ च्या जातीचा, वेगवान गाड्यांसाठी बनवलेला रस्त्याचा टायर बघ. ट्रेडवेअर तीनशेच्या आसपास असतो, भिंत ताठ, खाचा भरपूर, पावसात भरवशाचा. ट्रॅकवर सेमी-स्लिकपेक्षा हळू जाशील, फार तापवलास तर तीन-चार फेऱ्यांनी पकड सुटू लागेल. सुटू दे. एक फेरा सावकाश मार, निववून घे. असा टायर पकड सोडायच्या आधी किंचाळतो, हळूहळू घसरतो, चूक सुधारायला वेळ देतो. चिकट टायर शेवटपर्यंत गप्प बसतो आणि एकदम सोडून देतो, तेही जास्त वेगाला. तू अजून ब्रेक मारताना गिअर बदलायला चुकतोस. तुला किंचाळणारा टायर हवा.

आणि ब्रेकवरून आठवलं. ब्रेक ऑइल कधी बदललंस? गाडी घेतल्यापासून नाही? वा. डॉट ४ ताजं असेल तर २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं. ठरावीक पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. ट्रॅकवर त्या दिवशी पेडल खाली गेलं नाही हे तुझं नशीब. त्यात कर्तबगारी काही नाही. आणि विम्याची पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' वाच. शर्यत आणि वेगाची चाचणी त्यात बसत नाही, चुराडा झाला असता तर पै मिळाली नसती.

सतरा इंची अलॉयचं खूळही आत्ताच डोक्यातून काढ. आहे ते १९५/५५ आर १६ पुरे. २१५/४५ आर १७ घातलास तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहील, स्पीडोमीटर फसणार नाही, ते सगळं मान्य. पण टायरची भिंत दहा मिलिमीटरने खुजी होईल. पुण्यातले खड्डे तुला माहीत नाहीत का? पहिल्याच पावसाळ्यात रिम वाकेल नाही तर भिंतीला फुगा येईल, आणि फुगा आलेला टायर तू 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणून वापरत राहशील. ओळखतो मी तुला.

फारच हौस असेल तर त्याच मापाच्या चार जादा रिम घे आणि ताज्या तारखेचे, बिल असलेले ट्रॅकचे टायर त्यांवर चढव. मागची सीट पाड, चारही चाकं आत मावतात, एकट्याने जा. रस्त्यावर रस्त्याचे, तिथे पोचल्यावर तिथले, निघताना परत बदल. खर्च परवडत नाही म्हणतोस? मग रस्त्याच्या टायरवरच शिक वर्षभर. तेही कमी नाही.

आता ऊठ. आधी कोपऱ्यावर जाऊन थंड टायरची हवा तेहतीस कर, स्टेपनीची सुद्धा. उद्या सुट्टी टाक. टायरवाल्याकडे उभा राहून हे चारही उतरवून घे, नवे चढवताना तारखेचे चार आकडे स्वतः वाच, मग अलाइनमेंट, मग ब्रेक ऑइल. जुने टायर कुणाला विकायचे नाहीत, 'जवळजवळ नवे' म्हणून तर अजिबात नाही. भिंतीत सुरी घालून इथे आणून टाक, मुलांना दाखवायला उपयोगी पडतील. त्या टेबलावरचा गेज घेऊन जा, पेट्रोल पंपावरच्या यंत्रावर माझा भरवसा नाही. आणि परत आणून दे. गेल्या वर्षी नेलेला टॉर्क पाना अजून तुझ्याच डिकीत खडखडतोय, मघाशी पाहिला मी.