शोकनायक कोण?

केवळ दुःख कोसळल्याने कोणी शोकनायक होत नाही. इ. स. पू. ४ थ्या शतकात ॲरिस्टॉटलने सांगितले की, हा नायक सर्वथा निर्दोष नसतो, तसा दुर्जनही नसतो. त्याचा अधःपात प्रमादाने होतो. सोफोक्लीजच्या नाटकातील ईडिपस राजा पाहावा. थीब्ज नगरी महामारीने गांजलेली. तिच्या सुटकेसाठी तो पूर्वीच्या राजाच्या मारेकऱ्याला हद्दपारीची आज्ञा देतो. राणी विनवीत असताही तो शोध सोडीत नाही. अखेर मारेकरी तो स्वतःच ठरतो. मृत राजा त्याचा पिता, राणी त्याची माता! सारे अजाणता घडलेले. तरीही तो आपलीच आज्ञा स्वतःला लावून हद्दपारी मागतो. अजाणतेपणाने दोष सौम्य होईल. घडलेला अनर्थ पुसला जात नाही. दुसऱ्यासाठी केलेला नियम स्वतःवर घेण्याचे हे धैर्यच त्याच्या पतनाला थोरवी देते.